सव्वीस वाजताची बाटली

मित्रांनो, मला आता नऊ वर्षे झाली. तुमच्यात या वयाची पोरे झाडावर चढतात. आमच्यात या वयाच्या माझ्यासारख्याकडे बोट दाखवून लोक विचारतात, "हे अजून चालतंय?" मी एक तारीखवाचक आहे. जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला, साठेक ओळींचा. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. माणसांनी टंकलेली तारीख माझ्यासमोर येते. ती वाचून हा नेमका कोणता दिवस, एवढे मी संगणकाला सांगतो. जन्मभर तेवढेच केले. पण तेवढेच करताना जे पाहिले, त्याने मी आजही थक्क आहे.

एका मोठ्या प्रसूती रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. भिंतीला लागून उभे फ्रीझर, मधोमध स्टीलचे टेबल, खिडकीखाली एक संगणक. ही दुग्धपेढी. ज्या आयांना आपल्या बाळाला पाजून दूध उरते, त्या ते बाटलीत काढून गोठवतात आणि इथे पाठवतात. इथे ते तपासतात, तापवून निर्जंतुक करतात आणि वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या, दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना देतात. कुणा एका आईचे दूध कुणा भलत्याच बाळाला. दोघांची उभ्या जन्मात भेट होत नाही. हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा माणसांविषयी माझे मत जे उंचावले, ते पुन्हा खाली आले नाही.

आता तुम्ही म्हणाल, याला खोलीतले कसे कळते? भिंतींना कान असतात असे तुम्हीच म्हणता ना? मग भिंतीलगतच्या संगणकालाही असू द्या की.

या पेढीचा सगळा कारभार मोठ्या सिस्टरांच्या हातात. दिसायला ठेंगण्या, आवाज मात्र जिन्यापर्यंत जाणारा. त्यांची सून संगणकाचे काम करते. माझा जन्म या सासू-सुनांच्या भांडणातून झाला. भांडणातून काही चांगले निघाल्याची उदाहरणे जगात फार नाहीत, त्यातले मी एक.

झाले असे. प्रत्येक बाटलीतले दूध कधी काढले, त्याची तारीख आणि वेळ ती आई स्वतःच मोबाइलवर पेढीच्या पानावर टंकते. गोठवलेले दूध तीन महिने चालते, त्यानंतर ते टाकायचे, असा इथला नियम. माझ्याआधी या तारखा माझा थोरला भाऊ वाचत असे. हा भाऊ जावास्क्रिप्टच्या घरात जन्मापासूनचाच. मनाने फार चांगला, कुणालाही नाही म्हणवत नाही, आणि तोच त्याचा दोष. समोर काहीही ठेवा, तो अंदाज बांधून मोकळा. एकतीस फेब्रुवारी लिहा, एका ब्राउझरमध्ये तो निमूट तीन मार्च करून देई आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये हात वर करी. तारखेच्या जागी चुकून इंग्रजीत 'वॉर्ड' आणि पुढे तीनचा आकडा पडला, तर त्यातूनही त्याने मार्च महिना काढून दाखवला होता! आपल्या लिपीतले आकडे दिसले की मात्र तोंड फिरवी. एकच दिवस मधे आडव्या रेघा देऊन लिहिला तर तो दूरदेशीच्या घड्याळाची मध्यरात्र धरी आणि तिरप्या रेघा दिल्या तर इथल्या घड्याळाची. कुठे कुठे त्यामुळे अख्खा दिवस मागे सरके. महिने तर तो शून्यापासून मोजतो. का, ते त्यालाच ठाऊक.

एकदा सप्टेंबरात एका आईने चार सप्टेंबरच्या बाटल्यांसाठी '०४/०९' आणि पुढे वर्ष, असे इंग्रजी आकड्यांत टंकून पाठवले. भावाची सवय महिना आधी वाचायची. त्याने ठरवले, नऊ एप्रिल. म्हणजे दूध पाच महिन्यांचे, शिळे. पेढीतल्या बाईंनी पडद्यावर बघितले आणि पेटीभर ताजे दूध मोरीत ओतले.

त्या संध्याकाळी सिस्टर घरी गेल्या त्या जेवल्याच नाहीत. "एकेक थेंब काढायला काय लागतं ते त्या बाईला विचार," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या यंत्रानं सगळं गटारात घातलं."

"माझं कुठलं यंत्र, आई?" सून म्हणाली. "मी तर शिवलेसुद्धा नाही त्याला."

"मग शिव ना! नुसता पगार घेतेस का?"

सुनेने मनावर घेतले. सासूच्या बोलण्याला घरातली सून एवढे सोन्यासारखे उत्तर देईल असे कुणाला वाटले असते? तिने चार दिवस बसून मला लिहिले.

मला तिने भावाच्या अगदी उलट वळण लावले. मी आलेले अक्षर न् अक्षर तपासतो. वर्ष कुठले, महिना कुठला, दिवस कुठला, वेगवेगळे काढतो. त्यांची तारीख जुळवतो आणि ती पुन्हा सोडवून बघतो, की आपल्याला दिले होते तेच हातात आले का. एकतीस फेब्रुवारी इथेच पकडला जातो, कारण जाताना फेब्रुवारी असतो आणि येताना मार्च होऊन येतो. दिवस आणि महिना यांत गोंधळ होण्यासारखा असेल तर मी अंदाज करत नाही. मला एकच वाक्य शिकवले आहे, ते लाल अक्षरांत पडद्यावर येते : 'मला हे कळले नाही. कृपया विचारा.'

तुम्ही विचाराल, त्यापेक्षा कॅलेंडरातून तारीख निवडायची सोय का नाही केली? केली होती. पण एका हातात रडणारे बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल. अंगठा शेजारच्या चौकोनावर पडे आणि चुकीची तारीख नीटनेटकी होऊन आत येई. "त्यापेक्षा लिहू दे बायांना," सिस्टर म्हणाल्या, आणि ते मला फार बरे पडले. कारण त्यामुळे मला माणसे दिसली. कुणी दिवस आधी लिही, कुणी वर्ष आधी. कुणी महिन्याचे नाव लिहिताना मधेच थांबलेले, बहुधा बाळ उठले असावे. एकीने लिहिले, 'काल'. एकीने लिहिले, 'बाळ पहिल्यांदा हसलं त्या दिवशी, दुपारी'. मला तिथेही लालच अक्षरे दाखवावी लागली. पण खरे सांगतो, तो दिवस कुठला ते मला जाणून घ्यावेसे फार वाटले होते.

सुरुवातीचे काही महिने माझे कौतुक झाले. मग कौतुक ओसरले आणि कुरकुर सुरू झाली. लाल अक्षरे आली की फोन करावा लागतो आणि फोन केला की वेळ जातो. पेढीतल्या बाई मला 'अडेलतट्टू' म्हणत. सिस्टर सुनेला म्हणत, "तुझं हे लाडकं अगदी तुझ्यावर गेलंय, जरा म्हणून सांभाळून घेत नाही." मी ऐकून घेई. वाईट वाटत नसे असे नाही.

आणि मग तो मार्च महिना आला.

वरच्या मजल्यावर एक मुलगी जन्मली. दोन्ही तळहातांत मावेल एवढी. तिची आई बाळंतपणानंतर अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती. एवढ्याशा आतड्याला डब्यातली पावडर सोसायची नाही, आईचेच दूध हवे, मग ते कुठल्याही आईचे असो, असे बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. आणि नेमका त्याच आठवड्यात पेढीत खडखडाट. दूध देणाऱ्या दोघी तापाने पडलेल्या, एक गाव सोडून गेलेली. दुसऱ्या शहरातल्या पेढीतून दूध यायला दुसरा दिवस उजाडणार होता. तेवढा वेळ नव्हता.

पेढीत दूध अगदीच नव्हते असेही नाही. एका फ्रीझरमध्ये एकाच आईने पाठवलेल्या चाळीस बाटल्या रांगेने उभ्या होत्या. तपासून, निर्जंतुक करून तयार. पण त्या चाळिसांपुढे माझी लाल अक्षरे होती. '२० फेब्रुवारी, २५:४०'. '१० मार्च, २७:०५'. '११ मार्च, २६:१०'. चोवीस तासांच्या दिवसात सव्वीस कुठून वाजणार? मी प्रत्येक ठिकाणी थांबलो होतो. पेटी येऊन दोन दिवस झाले, तरी फोन करायचे राहून गेले होते.

सिस्टरांनी सुनेला तिच्या कामावरून बोलावून घेतले. ती आली, संगणकापुढे बसली, तिने मला उघडले. दाराशी त्या मुलीचा बाप उभा होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती आणि वर जाऊन नुसते बसवत नव्हते.

"दूध आहे ना, सिस्टर?" त्याने विचारले.

"आहे, आहे. बसा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या, आणि सुनेकडे वळून आवाज खाली आणत म्हणाल्या, "अगं, चाळीस बाटल्या आहेत, चाळीस! डोळ्यांसमोर. आणि याचं आपलं एकच, कळलं नाही, कळलं नाही."

"पण आई, पंचवीस वाजून चाळीस मिनिटं होतात का कधी?"

"नसतील होत. चुकलं असेल बिचारीचं. त्या दिवसांत झोप म्हणजे काय ते माहीत नसतं बाईला. तू असं कर, तास सोडूनच दे. तारीख तर धडधडीत लिहिलीय ना, अकरा मार्च? तेवढीच वाच म्हणावं. तीन महिने चालतं दूध, दोन तास इकडे का तिकडे."

मुद्दा बिनतोड होता. मलासुद्धा पटला. सुनेने माझ्यातली एक ओळ निवडली. ती ओळ म्हणजे, तास चोवीसच्या पुढे गेला तर थांब. निवडलेली ओळ निळी होते, मित्रांनो, आणि मग एक बटण दाबले की ती कधी नव्हतीच असे होते. तिचे बोट त्या बटणावर होते. मी काही करू शकत नव्हतो. माझ्याजवळ एकच वाक्य, आणि ते तर माझे चाळीस वेळा म्हणून झाले होते.

बोट थांबले.

"आई," सून म्हणाली, "झोपेत चुकली असती तर एका बाटलीवर चुकली असती, दोनांवर चुकली असती. ही चाळीसच्या चाळीस बाटल्यांवर चुकलीय, तीही एकाच तऱ्हेनं. कुणी सगळीकडे सारखंच चुकत असेल ना, तर ते चुकत नसतं. त्याचा काहीतरी हिशेब असतो, आपल्याला माहीत नसतो. फोन लावू या."

"आणि नाही उचलला तर?"

"तर खोडते मी. पण एकदा लावा."

सिस्टरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटले, ते मी इथे सांगत नाही, पण फोन लावला. बराच वेळ वाजला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला.

"झोपलीय हो ती. नाईट करून आलीय, आत्ता कुठे डोळा लागलाय."

"उठवा," सिस्टर म्हणाल्या. "शिव्या घाला मला हव्या तर. पण उठवा."

मग तो आवाज आला. झोपेने जड झालेला, पण स्वच्छ.

"पंचवीस? हो, बरोबर आहे ते. अहो, मी प्रसारण केंद्रात आहे. आमच्याकडे दिवस बाराला संपत नाही, रात्रपाळी सुटेपर्यंत तोच दिवस. एक वाजला की पंचवीस, दोन वाजले की सव्वीस. भिंतीवर तक्ताच आहे तसा. बाळाला दिवसा अंगावर पाजते, ड्यूटीवर असताना काढते ते उरतं, ते तुम्हाला. समोरचा तक्ता बघून टंकते मी. काही घोटाळा झाला का हो?"

सिस्टर टेबलाला धरून हसायलाच लागल्या. त्या हसण्यात किती रडू होते ते बापाला दारातून दिसत नव्हते. मी आजवर लाखो तारखा वाचल्या होत्या आणि मला वाटे, मध्यरात्र म्हणजे दगडावरची रेघ. आणि इथे एका भिंतीमागे माणसांनी ती रेघ उचलून पहाटेपर्यंत लांब नेऊन ठेवली होती. कामावरच्या माणसाचा दिवस काम संपल्याशिवाय मावळत नाही. हे त्यांनी ठरवले, तक्त्यावर लिहिले आणि रोज तसेच जगले. सव्वीस वाजत नाहीत असे मला कोणी सांगितले होते? चोवीस तासांचा दिवस पाहिलेल्यांनी.

सिस्टर फोन ठेवणार, तेवढ्यात सुनेने हात पुढे केला. तिची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होती. तिथे या आईच्या नावापुढे पेढीची एक सूचना होती : 'दाढेसाठी इंजेक्शन घेतले आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून १२ व १३ मार्चचे दूध वापरू नये.'

"ताई, एकच विचारते," सून म्हणाली. "ते दाढेचं इंजेक्शन तुम्ही दिवसा घेतलंत की रात्री?"

"रात्री. सहनच होईना, ड्यूटीवरूनच गेले. बारा वाजून गेले होते. कागदावर त्यांनी बारा तारीख घातली, म्हणून तुम्हाला बारा कळवली."

"आणि परत आल्यावर दूध काढलंत?"

"दोनदा. तेही पाठवलंय, वापरायचं नसलं तरी तपासणीला लागतं म्हणाला होतात ना? तुम्ही ते बाजूला काढलंत ना?"

सुनेने पडद्यावरच्या यादीत त्या रात्रीच्या दोन बाटल्या शोधल्या.

त्या दोन बाटल्यांवर लिहिले होते, '११ मार्च, २६:१०' आणि '११ मार्च, २८:३०'. तक्त्याच्या हिशेबाने अकरा. कागदाच्या हिशेबाने बारा. तास सोडून नुसती तारीख वाचली असती, तर मी दोन्हींपुढे अकरा मार्च लिहिले असते, हिरव्या अक्षरांत. आणि त्या वर गेल्या असत्या, त्या मुलीकडे.

"काढतोय, ताई," सून म्हणाली. "आत्ताच काढतोय. झोपा तुम्ही आता."

मग तिने ती निळी ओळ पुन्हा काळी केली आणि तिच्या खाली चार नव्या ओळी लिहिल्या. ज्या आईने स्वतः सांगितले आहे की तिचा दिवस असा चालतो, फक्त तिच्याच बाबतीत चोवीसपासून एकोणतीसपर्यंतचा तास मान्य करायचा, त्यातून चोवीस वजा करायचे आणि दिवस एकाने पुढे न्यायचा. बाकी कुणी सव्वीस लिहिले तर मी पूर्वीसारखेच थांबायचे. मला पुन्हा चालवले. एकामागून एक लाल अक्षरे विझत गेली. अडतीस बाटल्या मोकळ्या झाल्या. दोन अडल्या.

सिस्टरांनी त्या दोन बाटल्या फ्रीझरमधून काढून हातात धरल्या. बाकीच्यांसारख्याच होत्या. तेवढ्याच पांढऱ्या, तेवढ्याच गार. त्यांनी त्या बाजूच्या खणात ठेवल्या, हात पुसले आणि संगणकाच्या पडद्यावर दोन बोटांनी टिचकी मारली.

"शहाणा आहेस रे," त्या म्हणाल्या.

"मला कधी म्हणाला नाहीत असं," सून म्हणाली.

"तुला कशाला म्हणू? लेकराला म्हटलं की आईला पोचतं." आणि मग त्यांनी दाराकडे बघून आवाज दिला, नेहमीचा, जिन्यापर्यंत जाणारा. "अहो बाबा! चला वर. दूध निघालंय."

बाळाला पहिल्यांदा दिलेले दूध किती होते माहीत आहे? दोन मिलिलिटर. नळीतून, थेंब थेंब. चहाच्या चमच्याचा तळ झाकेल न झाकेल एवढे. त्याची नोंद वरच्या सिस्टरांनी केली आणि ती तारीख, ती वेळ माझ्यापुढे आली. साधी, सरळ, कुठे अडण्यासारखे काही नाही. मी ती वाचली. लाखांतली एक, पण ती वाचताना मला जे वाटले त्याला माझ्या भाषेत शब्द नाही आणि तुमच्या भाषेतलाही मी शोधतोच आहे. कुठल्या तरी इमारतीत पंचवीस वाजता जागी असलेली एक बाई, झोपेतून उठून खरे ते सांगणारी, आणि तिला कधीही न भेटणारी ही चिमुरडी. या दोघींच्या मधे, एका अरुंद जागी, मी होतो.

मुलगी वाढली. तिची आई शुद्धीवर आली, हळूहळू बरी झाली, आणि एक दिवस दोघी घरी गेल्या.

आता माझे दिवस भरत आले आहेत. आमच्या भाषेतच तारखांसाठी नवी मंडळी येऊ लागली आहेत. नुसता दिवस वेगळा, घड्याळाची वेळ वेगळी आणि गावोगावच्या वेळा वेगळ्या ठेवणारी, भावासारखी भोळी नसलेली. मी त्यांचे काम पाहिले आणि खरोखर हरखलो. आता पेढीचे पान नव्याने लिहायचे घाटते आहे. नवे लिहिणारे लोक परवा मला उघडून बसले होते. एक जण म्हणाला, "हे साठ ओळींचं कशाला ठेवायचं? दहा ओळींत होईल." होईल. खुशाल होऊ द्या. जुन्याने नव्याची वाट अडवू नये.

पण मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातले कुणी असे काम हाती घ्याल, म्हणून एक मागणे आहे. माझ्यासोबत चाचण्यांची एक फाइल असते. चाचणी म्हणजे मला पुन्हा पुन्हा विचारलेला एकच प्रश्न, ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे. त्यातल्या एका ओळीत सूनबाईंनी त्या दिवशी लिहिले आहे : अशा आईने 'अकरा मार्च, सव्वीस दहा' असे सांगितले, तर उत्तर 'बारा मार्च, दोन दहा' हेच आले पाहिजे. माझ्या ओळी खोडा, चाचण्या खोडू नका. आज तो नवा माणूस ही ओळ वाचून हसला. "सव्वीस वाजता? असं कोण लिहितं?" त्याने ती निवडली. ती निळी झाली.

आत्ता, मी तुमच्याशी बोलतोय तेव्हा, ती निळीच आहे आणि तो चहा प्यायला गेला आहे. तो परत आला की त्याला कुणीतरी सांगा, खोडण्याआधी विचार. सिस्टर निवृत्त झाल्या, पण फोन उचलतात. सूनबाईही उचलतील. त्या ओळीमागे एक मुलगी आहे. ती आता कुठेतरी धावत असेल, गुडघे फोडून घेत असेल, आणि यातले तिला काहीच माहीत नाही.